डांगराचा वेल आणि सकाळचा एक तास

मृगाचा पाऊस पडला की जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात कपाशी आणि सोयाबीनची घाई उडते. त्याच घाईत कुणीतरी बांधाच्या कडेला, उकिरड्याच्या कुशीत किंवा कपाशीच्या मोकळ्या राहिलेल्या तासात डांगराच्या चार बिया टोकून ठेवतं. टोकणारा हात बहुधा घरातल्या बाईचा असतो. या पिकाचा हिशेब कुणी मांडत नाही. पण मृगात टोकलेला वेल शंभर-सव्वाशे दिवसांत, म्हणजे पितृपंधरवड्याच्या आसपास, फळं देतो. श्राद्धाच्या पानात डांगराची भाजी लागते, घारगे लागतात, आणि त्या पंधरा दिवसांत बाजारात या फळाला जी विचारणा असते ती एरवी नसते.

आपल्याकडे कुणी याला डांगर म्हणतं, कुणी गंगाफळ, कुणी काशीफळ. आडतीवर तो लाल भोपळा होतो. तक्रारी मात्र सगळीकडे त्याच ऐकू येतात. ‘वेल मस्त पसरला, फुलंही भरपूर, पण फळ धरत नाही.’ ‘लिंबाएवढं होऊन गळून पडतं.’ ‘पानांवर पीठ पडलं.’ ‘वरून चांगलं होतं, कापलं तर आत अळ्या.’ आणि या चारही तक्रारींवर उपाय एकच केला जातो. दुकानात जायचं, पान दाखवायचं, मिळेल ती बाटली आणायची आणि कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषध त्यात ओतून वेलावर मारायचं. या चार तक्रारींची कारणं चार वेगळी आहेत. त्यातल्या पहिलीवर तर फवारणी हाच रोग ठरू शकतो.

म्हणून बाटलीच्या आधीचं सांगतो. डांगराचा जवळजवळ प्रत्येक शत्रू सकाळी सहा ते आठच्या दरम्यान आपली ओळख स्वतःहून देतो. भुंगेरे तेव्हा गारठून सुस्त असतात. केवड्याची बुरशी पानामागे दवात उठून दिसते. फळमाशीने टोचलेल्या जागी डिंकाचा ताजा थेंब असतो. फुलावर मधमाशी येते की नाही, हेही त्याच वेळी कळतं. दुपारी वेल माना टाकतो आणि निरोगी वेल रोगट वेलासारखा दिसू लागतो. आठवड्यातून दोन सकाळी वेलाजवळ जा, पानं उलटून पाहा, फळं हातात घेऊन फिरवून पाहा. एवढं केलं तर पुढचा निम्मा खर्च वाचतो.

बी टोकण्याआधी

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. कपाशीला ते मानवतं, डांगराच्या कोवळ्या रोपाला नाही. सपाट रानात बी टोकलं आणि लागोपाठ चार दिवस पाऊस झाला की रोप जमिनीलगत काळं पडून कोलमडतं. लोक म्हणतात बियाणं खराब होतं. बियाणं चांगलंच असतं; मुळाशी पाणी साचल्यावर जमिनीतल्या बुरशीला रान मोकळं मिळतं. वीतभर उंचीचा वरंबा किंवा मातीचा ढीग करा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि बी त्याच्या माथ्यावर लावा. टोकण्याआधी किलोभर बियाण्याला ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. घरचं मूठभर बी असेल तर अर्धा चमचाही पुरे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हे उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण मिळालं तर रोपं उगवल्यावर मुळाशी त्याची आळवणी करता येते. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं.

अजून एक काम याच दिवसांतलं आहे आणि ते हातचं निसटून जातं. जूनमध्ये लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. त्या गोळा करून, गर धुऊन काढून, सावलीत वाळवून ठेवा. पावसात भिजून काळ्या पडलेल्या निंबोळीत दम राहत नाही. वाळलेल्या ५ किलो निंबोळ्या भरड कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचं, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी घालून एकूण १०० लिटर करायचं. हाच ५ टक्के निंबोळी अर्क. पाच-सहा वेलांसाठी याच हिशेबाने पाव किलो निंबोळ्या आणि ५ लिटर पाणी घ्या. अर्क संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्याचा कस उतरतो, आणि केला त्याच दिवशी संपवा.

पहिले वीस दिवस भुंगेऱ्यांचे

रोप दोन पानांवर आलं की नारिंगी-तांबड्या रंगाचे, मुगाच्या दाण्याहून थोडे लांबट, चकचकीत भुंगेरे येतात. पानाला ते गोल गोल भोकं पाडतात. काकडीवर्गीय रोपातला जो कडवटपणा इतर किड्यांना दूर ठेवतो, त्याच कडवटपणाकडे हे भुंगेरे ओढले जातात. मोठ्या वेलाला त्यांनी थोडी भोकं पाडली तर काही बिघडत नाही. पण पहिल्या दोन पानांची चाळणी झाली तर रोप दोन दिवसांत संपतं. म्हणून यांच्याशी लढाई पहिल्या वीस दिवसांतच करायची.

सकाळी ऊन चढण्याआधी हे किडे उडत नाहीत. डब्यात साबणाचं पाणी घ्या, डबा पानाखाली धरा, पान हलवा. भुंगेरे आपोआप आत पडतात. पाच-दहा वेल असतील तर याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. चुलीची गाळलेली राख दवाने ओल्या पानांवर भुरभुरण्याची आपल्या आजी-पणजीची रीतही कामाची आहे. भुंगेऱ्याला राखेचं पान खाववत नाही. पावसाने राख धुतली की पुन्हा टाकावी लागते, एवढंच. रान मोठं असेल तर निंबोळी अर्काची फवारणी आठवड्याने करा.

या भुंगेऱ्याची दुसरी बाजू मातीखाली असते. मादी वेलाच्या बुडाशी ओल्या मातीत अंडी घालते, अळ्या मुळं खातात आणि तिथेच मातीत कोषात जातात. जमिनीला टेकलेलं फळही या अळ्या खालून पोखरतात. वरून एकही भुंगेरा दिसत नसताना एखादा वेल सुकतो तेव्हा बुडाची माती उकरून पाहा. पीक निघाल्यावर वेल रानात वाळत ठेवले की मोठे भुंगेरे त्या पाल्यातच हिवाळा काढतात. वेल उपटून खड्ड्यात कुजवा आणि उन्हाळ्यात खोल नांगरट करा. कोष वर येतात, उन्हाने आणि पाखरांनी संपतात.

याच दिवसांत पानांवर दुसरा एक ठिपक्याठिपक्यांचा किडा दिसतो आणि इथे गल्लत होते. ढालकिडा आपला मित्र, तो मावा खातो. त्याच्यासारखाच दिसणारा, पण पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करणारा भुंगेरा वेगळा. ढालकिड्याची पाठ घासलेल्या भांड्यासारखी चमकते. पान खाणाऱ्याची पाठ मळकट, बारीक लव असलेली असते. त्याच्या पिवळ्या, काटेरी अळ्या पानामागे बसतात. ती पानं तोडून चुरडली की काम झालं.

फळ का गळतं?

फुलं आल्यावर पहिले आठ-दहा दिवस एकही फळ धरत नाही, आणि घरात चिंता सुरू होते. डांगराला आधी नर फुलं येतात, लांब बारीक देठाची. मादी फूल नंतर येतं आणि त्याच्या मागे लिंबाएवढं इवलं फळ आधीच असतं. हे फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापलं की मिटतं, ते पुन्हा उमलत नाही. त्या तीन-चार तासांत मधमाशीने नर फुलातले परागकण मादी फुलात नेले तर फळ वाढतं, नाहीतर ते पिवळं पडून, सुरकुतून गळतं. अशा गळालेल्या फळावर टोचल्याची खूण नसते, कापल्यावर आत अळी नसते. हा रोगही नव्हे, कीडही नव्हे.

पण आपण काय करतो? शेजारच्या कपाशीवर मावा-तुडतुडे आले म्हणून सकाळी सातला पंप पाठीवर घेतो. नेमक्या त्याच वेळी सातेरी आणि फुलोरी मधमाश्या डांगराच्या फुलात असतात. दोन-तीन फवारण्यांत माश्या यायच्या बंद होतात आणि मग डांगर धरत नाही म्हणून त्याच्यावरही ‘टॉनिक’ मारलं जातं. डांगराजवळ कोणतीही फवारणी करायची असेल तर ती फुलं मिटल्यावर, उन्हं कलल्यावर करा. वेल थोडे असतील तर सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं भागतात. माझ्या अनुभवात या एका कामाने बांधावरच्या वेलाची फळं जितकी वाढतात तितकी कोणत्याही बाटलीने वाढत नाहीत.

गळालेल्या फळावर टोचल्याचा ठिपका असेल, त्यातून पारदर्शक डिंक आला असेल, फळ त्या बाजूने वाकडं झालं असेल, तर मात्र ती फळमाशी. डांगराचं सर्वांत जास्त नुकसान हीच करते, म्हणून हिच्याजवळ थोडं थांबू.

फळमाशी

ही माशी घरमाशीएवढी, तांबूस तपकिरी, पंखांवर काळसर पट्टे असलेली. मादी आपल्या टोकदार शेपटीने कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. पावसाळी उबेत एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि गर खाऊ लागतात. त्या छिद्रातून पाणी आणि जिवाणू आत जाऊन फळ सडतं. पोट भरलं की अळ्या सडलेल्या फळातून बाहेर पडून मातीत दोन-चार बोटं खोल कोषात जातात आणि आठ-दहा दिवसांत नव्या माश्या बाहेर येतात. म्हणजे पोळ्याला जे सडकं फळ तुम्ही बांधावर भिरकावलं, त्यातल्या माश्या पितृपक्षाच्या आधीच तुमच्या चांगल्या फळांवर बसलेल्या असतात.

अळी फळाच्या आत आणि कोष मातीच्या आत, म्हणून वरून मारलेलं औषध दोघांपर्यंत पोचत नाही. हाताशी तीन गोष्टी उरतात आणि तिन्ही एकत्र केल्या तरच गुण येतो.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. टोचलेलं, गळालेलं, सडलेलं प्रत्येक फळ दर तीन-चार दिवसांनी गोळा करायचं. उकिरड्यावर टाकायचं नाही. उकिरडा उबदार असतो, माशीला ते माहेरच. दोन फूट खोल खड्डा घेऊन पुरा, किंवा आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या खताच्या रिकाम्या गोणीत भरून, तोंड घट्ट बांधून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. शेजाऱ्याचा बांध तुमच्या बांधाला लागून असतो, तेव्हा हे काम दोघांनी मिळून केलं तरच ते पुरं होतं.

दुसरी गोष्ट गंधसापळ्याची. गुलाबी बोंडअळीमुळे कामगंध सापळा आता आपल्याकडे घरोघर माहीत आहे. पण कपाशीच्या सापळ्यातली वडी डांगरात चालत नाही. ती पतंगाला बोलावते, माशीला नाही. फळमाशीच्या सापळ्यांतही दोन प्रकार आहेत आणि दुकानात इथेच फसगत होते. आंबा-पेरूच्या फळमाशीला ‘मिथाइल युजेनॉल’ लागतं. डांगर, कारली, दोडका, काकडी यांच्या माशीला ‘क्यू ल्यूर’ लागतं. मागताना ‘फळमाशीचा सापळा द्या’ एवढंच म्हणू नका, ‘वेलवर्गीय भाजीसाठी क्यू ल्यूर’ असं म्हणा आणि पाकिटावर वाचून घ्या. चुकीची वडी लावली तर सापळा महिनाभर रिकामा लटकतो आणि आपण समजतो की माशी नाहीच.

एकरी पाच-सहा सापळे पुरतात. कळ्या दिसू लागल्या की लावा, वेलाच्या थोडं वर, गुडघा-मांडीच्या उंचीला, पाऊस आत जाणार नाही असे. वडी महिना-दीड महिन्याने बदला. सापळ्यात फक्त नर येतात. त्यामुळे सापळा लावला म्हणजे टोचणारी माशी संपली असं होत नाही. नर घटल्याने अंडी फळत नाहीत आणि पुढची पिढी कमी होते. सापळ्यात अचानक माश्या वाढल्या तर तो इशारा समजा, आणि त्या आठवड्यात फळं झाका.

झाकणं ही तिसरी गोष्ट. ती मला सर्वांत आवडते, कारण तिला पैसा लागत नाही. फूल गळून फळ धरल्यापासून पहिले आठ-दहा दिवस साल कोवळी असते. पुढे ती निबर होत जाते तशी माशीची टोचणी आत जाणं अवघड होतं. तेवढे दिवस फळाला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा किंवा कागदाची पिशवी सैल बांधा. प्लास्टिक नको, आत घाम सुटून फळ सडतं. एका वेलावर तीन-चार चांगली फळं ठेवायची असतात, म्हणजे तीन-चार चिंध्या. वीस वेलांचं काम सकाळच्या तासाभरात होतं.

रान मोठं असेल तर कडेने मक्याच्या दोन ओळी लावा. ही माशी दिवसाचा बराच वेळ वेलावर नसतेच. ती मक्यासारख्या उंच पिकाच्या पानाखाली सावलीला बसते. गुळाचं पाणी आणि शिफारस केलेलं कीटकनाशक यांचं आमिष त्या मक्यावर शिंपडलं की मादीही त्यात सापडते आणि डांगराच्या फुलावर औषध जात नाही. वाण निवडायला मोकळीक असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का सूर्यमुखी’ फळमाशीला दाद न देणारा म्हणून ओळखला जातो. फळ लहान, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचं असतं. आपल्या बाजारात मोठ्या फळाच्या फोडी करून विकायची पद्धत आहे, म्हणून आधी थोडं लावून गिऱ्हाईक पाहा.

भुरी की केवडा?

दोन्हींना लोक ‘पानावर बुरशी आली’ असंच म्हणतात. औषध मात्र एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून ओळख पक्की हवी.

भुरी पानाच्या वरच्या बाजूला येते. पिठाची चिमूट सांडल्यासारखे गोल पांढरे डाग, बोटाने पुसले की बोटाला पीठ लागतं. हस्ताचा पाऊस ओसरला, दिवसा ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की ती झपाट्याने पसरते. तिला पानावर पाणी साचलेलं लागत नाही. केवडा याच्या उलट. तो मघा-पूर्वाच्या झडीत, ढगाळ दमट हवेत येतो. पानाच्या वर पिवळे, शिरांच्या मध्ये अडकलेले कोनाकोनाचे डाग, आणि सकाळी पान उलटलं तर त्याच डागाखाली करडी-जांभळट लव. दुपारी ही लव वाळून दिसेनाशी होते, म्हणून दुपारी पाहणाऱ्याला केवडा ओळखता येत नाही.

भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना बसेल असं फवारा. पण ऑक्टोबरच्या कडक उन्हात गंधकाने वेलवर्गीय पानं करपतात. संध्याकाळी फवारा, आणि आधी एकाच वेलावर मारून दोन दिवस वाट पाहा. निंबोळी तेल किंवा दुसरं कोणतंही तेल मारलं असेल तर पुढचे दोन आठवडे गंधक नको. परसातल्या दोन-चार वेलांसाठी याहून सौम्य उपाय आहे. ब्राझीलच्या वॅग्नर बेत्तिओल या संशोधकाने १९९९ साली भोपळ्याच्याच कुळातल्या झुकिनीवर दुधाची फवारणी करून भुरी आटोक्यात आल्याचं दाखवलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा. भुरीची नुसती सुरुवात असताना करा. पानं पांढरीफटक झाल्यावर दूध वाया जातं.

केवड्यावर मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम, तेही डाग दिसायला लागताच. मात्र वेल एकमेकांवर चढून दाट झाले असतील, खालची पानं चिखलात लोळत असतील, तर औषध तिथवर पोचत नाही. बुडाजवळची पिवळी पानं काढा, वारा खेळू द्या. आणि फळं पक्व व्हायला आली असताना भुरी आली तर खर्च करू नका. त्या वेलाचं आयुष्य सरत आलेलं असतं, पीठ पडलं तरी फळाला त्याने फारसा फरक पडत नाही.

केवडा नसलेला ‘केवडा’

पानं हिरवी-पिवळी चितकबरी होतात, शिरा पिवळ्या पडतात, शेंड्याची पानं आखडतात, फळावर गाठी आणि वेडेवाकडे डाग येतात. यालाही काहीजण केवडाच म्हणतात आणि बुरशीनाशक मारत राहतात. हा विषाणू आहे. त्याला जगात कुठेही औषध नाही, आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. मंठ्यासारख्या कपाशीच्या मुलखात तो जास्त दिसण्याचं कारण साधं आहे. पिवळ्या शिरांचा विषाणू पांढरी माशी नेते, आणि ती कपाशीवर वाढते. चितकबरा मोझॅक नेणारा मावा तर रोगट पानाला सोंड लावून दुसऱ्या पानावर बसेपर्यंत काही मिनिटांत रोग देऊन जातो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

फळं धरण्याआधी एखादा वेल असा दिसला तर जीव कठीण करून उपटा, पिशवीत घालून रानाबाहेर न्या. फळं निबर झाल्यावर दिसला तर राहू द्या, फळं मिळतील. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी किती आहे ते दाखवतात. शक्य असेल तर डांगर कपाशीच्या पोटात न लावता ज्वारी-मक्याच्या आडोशाला लावा.

पण उपटण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गेल्या आठ-दहा दिवसांत जवळपास कुणी तणनाशक मारलं का? ‘टू-फोर-डी’ या तणनाशकाची वाऱ्यावर आलेली फवार किंवा नीट न धुतलेल्या पंपातला थेंबभर अंशही डांगराची पानं आखडून, पंख्यासारखी चिंचोळी करून टाकतो, आणि ते अगदी विषाणूसारखं दिसतं. फरक असा की फवार आलेल्या बाजूचे सगळे वेल एकाच दिवशी वाकडे होतात. विषाणू इकडे एक, तिकडे एक असा येतो. फवार थोडी असेल तर नवीन शेंडा सरळ निघतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. ही सूचना ऐकून सोडून दिली जाते, म्हणून पुन्हा सांगतो: वेगळा ठेवा.

याशिवाय पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा काढणारी नागअळी दिसते भयंकर, पण बहुतेक खालच्या जुन्या पानांवर असते. ती पानं तोडली की पुरे. पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असलेली हिरवी अळी पान गुंडाळून आत बसते आणि कधी कोवळ्या फळाची साल खरवडते. ती हाताने वेचता येते. दुपारी सगळा वेल लोंबला आणि संध्याकाळी उभा राहिला तर ते नुसतं ऊन. सकाळीही लोंबलेलाच असेल तर बुडाजवळच्या खोडाचा तुकडा उभा चिरून पाहा, मुळंही पाहा. आत तपकिरी रेघा म्हणजे मर, मुळांवर गाठी म्हणजे सूत्रकृमी. दोन्हींत तो वेल हातचा गेला. त्या जागी तीन वर्षं काकडी, दोडका, टरबूज, डांगर यातलं काही लावू नका, ज्वारी किंवा झेंडू घ्या. मोबाइलवर भोपळ्याच्या खोडात शिरणाऱ्या पतंगाच्या अळीचे आणि पानावरच्या करड्या ढेकणाचे व्हिडिओ फिरतात. ते अमेरिकेतल्या शेतांचे असतात. त्यातलं औषध इथे शोधत बसू नका.

फवारणी करावीच लागली तर

बाटलीच्या लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते वाचा. कपाशीसाठी मंजूर असलेलं औषध डांगरासाठी मंजूर असेलच असं नाही, आणि डांगर तर आपण खातो. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही, तेही लेबलवर असतं. लेबलवरचा चौकोन पाहा: लाल रंग सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. दोन-तीन औषधं अंदाजाने एकत्र करू नका. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्या आपल्याच कामाच्या माणसांची आठवण ठेवून तोंडाला फडकं, हातात मोजे, वारा येतो त्या बाजूला पाठ, एवढं तरी पाळा. डांगराचा वेल पायाशी असतो, म्हणून फवारताना पायही झाकलेले हवेत. ओळख पटत नसेल तर रोगट पान आणि फळ कागदात गुंडाळून जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारा. हा फोन फुकट आहे.

घरात येईपर्यंत

फळ जमिनीला टेकतं तिथे पावसात सडतं. आपल्याकडे तुराट्यांना तोटा नाही. दोन-तीन तुराट्या आडव्या टाकून त्यावर फळ ठेवा. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की तोडा, देठ दोन-तीन बोटं ठेवून. देठाला धरून उचलू नका. तो निखळला की तिथूनच कूज शिरते. आठवडाभर हवेशीर जागी, कोवळ्या उन्हात ठेवून मग माळ्यावर गवतावर, एकमेकांना न टेकवता मांडा. साल भरून आलेले जुने टोचे चालतात, मऊ ठिपका चालत नाही. ते फळ त्याच दिवशी कापा.

आणि पुढच्या मृगासाठी बी घरचं धरणार असाल तर वेल श्रावणातच निवडा, पानं हिरवी असताना. संकरित बियाण्याच्या वेलाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी फळं सारखी येत नाहीत. ज्या वेलावर चितकबरं पान एकही नाही, जो मावा-भुंगेऱ्यांतून तगला, त्याला रंगीत चिंधी बांधून ठेवा, आणि त्याच्या फळाच्या कोवळ्या सालीवर खिळ्याने एक बारीक खूण करा. जखम भरते, खूण फळाबरोबर वाढते. पितृपक्षात सगळी फळं एका कोपऱ्यात आली की कोणतं कोणत्या वेलाचं, ते त्या खुणेशिवाय सांगता येत नाही.